जावेची दुभाषी

"काल तुमच्या सासूबाई येऊन गेल्या की," भाजीवाली म्हणाली. "ती नवी गोरी सून होती बरोबर. हात धरून हिंडत होत्या दोघी बाजारभर. मला तर बाई मायलेकीच वाटल्या."

दिलफुझाने रानकांद्याची जुडी उचलली होती, ती हातातच राहिली. मग तिने ती नीट पिशवीत ठेवली, हसून "हो का?" म्हणाली आणि पैसे दिले. भाजीवाली पुढेही काही बोलत होती. मासळीच्या गल्लीत कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं, ते वाहत तिच्या बुटांपर्यंत आलं आणि तिला एकदम आपण कुठल्या बाजूने बाजारात शिरलो तेच आठवेना. सुनछनच्या या खालच्या बाजारात ती डोळे मिटून फिरू शकली असती. पाठमोरी असली तर तिला कुणी परकी समजत नसे. भाव करताना तिच्या तोंडी या भागातले हेल यायचे, आणि ती वळली की नवखा दुकानदार तिच्या नाकाडोळ्यांकडे बघून दचकायचा. या दचकण्याचा तिला छुपा अभिमान होता. आज तो कुठेच सापडेना. हात धरून, बाजारभर. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिने सासूबाईंचा हात आठवायचा प्रयत्न केला. तो तिला अगदी जवळून माहीत होता. मिठाच्या पाण्यात कोबीचे गड्डे दाबणारा, कोपरापर्यंत लाल तिखटाने माखलेला, थंडीत बोटांच्या पेरांवर चिरा पडलेला. सुरुवातीच्या त्या थंडीत, मुळा चिरताना, या हाताने तिचं मनगट पकडलं होतं. "पातळ. आणखी पातळ. तोंडात विरघळला पाहिजे, चावायला लागता कामा नये." मनगट पकडलं, सुरीचा कोन बदलला, सोडून दिलं. त्यानंतर अकरा वर्षांत हा हात तिला लागला असेल तो असाच, काहीतरी दुरुस्त करायला. कॉलर सरळ करायला, ताटलीची जागा बदलायला. आपण कशाचा हेवा करतोय हे तिला समजत होतं, आणि ते इतकं लहान होतं की त्याची लाज वाटावी. चाळिशीला टेकलेली बाई, घरी शाळेत जाणारी मुलगी, आणि कुणाचा तरी हात कुणी धरला म्हणून हा हिशोब.

मारेन येऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. दिराने, तेहोने, तिला लग्नाआधी घर दाखवायला राजधानीहून आणलं होतं. दोघं तिथे एकाच कंपनीत जहाजांची आरेखनं करत. डेन्मार्कची मुलगी, दारातून आत येताना वाकावं लागेल इतकी उंच, बुटाची नाडी सोडताना तिचा तोल गेला आणि तिने सासूबाईंच्या खांद्याला धरलं. पहिल्या दिवशी, उंबऱ्यात! दिलफुझाने सासूबाईंकडे पाहिलं होतं. आता घर गप्प होणार. पण सासूबाई खळखळून हसल्या. जेवताना मारेन पाय लांब करून बसली, वडीलधाऱ्यांनी चमचा उचलायच्या आधीच तिने भाताचा घास घेतला, किमचीच्या एका तुकड्याने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने नाक शिंकरलं, तेसुद्धा जेवणाच्या टेबलावर. मग तेहोने शिकवलेलं एकमेव वाक्य तिने मोठ्या मेहनतीने म्हटलं. "आई, तू पण खा!" चक्क 'तू'. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला, तोंडावर पदर धरावा तसा ॲप्रन धरला आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "ऐकलंस का सुंगमो? मला 'तू' म्हणाली! सासरा असता तर त्यालाही म्हणाली असती!" दिलफुझाचा नवरा सुंगमोही हसला. लेक नारे हसली. दिलफुझाही हसली, आणि हसताना तिने उठून पाण्याचा पेला मारेनपुढे ठेवला, कारण कुणाला तिखट लागलं की पाणी द्यायचं हे तिला शिकवलेलं होतं.

तिच्या तोंडूनही एकदा ते गेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या शरद ऋतूत, सणाच्या सकाळी, सगळ्या नातेवाइकांसमोर. क्रियापदाच्या शेवटचा एक बारकासा प्रत्यय राहिला आणि सासूबाईंना 'तुम्ही बसा'च्या जागी 'बस' झालं. कुणी हसलं नाही. मोठ्या आत्येसासूबाई भिंतीकडे बघू लागल्या, आणि सासूबाई उठून आत गेल्या, जणू आत खरंच काही उतू जात होतं. त्या दिवसानंतर दिलफुझाने प्रत्यय असे पाठ केले जशी तिची आजी नमाजातल्या आयती पाठ करायची. समरकंदच्या विद्यापीठात ती इंग्रजी शिकली होती, इथे शिष्यवृत्तीवर भाषा शिकायला आली होती, सुंगमो तिला वाचनालयात भेटला होता. पण आजही शेजारीण कुणालातरी सांगायची, "लग्नाच्या मध्यस्थामार्फत, पैसे देऊन आणलेली असावी, पण बाई कामाला चांगली आहे." नारेला शाळेत 'बहुसांस्कृतिक घरातल्या मुलां'च्या वेगळ्या तासाला बसवलं होतं, तिचं बोलणं वर्गातल्या कुणाहूनही स्वच्छ असताना. आणि परवा त्याच शेजारणीने मारेनकडे बघून उसासा टाकला होता: "यांची मुलं किती नशीबवान असतील! जन्मतःच दोन जगं." दिलफुझा तेव्हा जिन्यात उभी होती, कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या करत. तिला मारेनचा राग येत नव्हता, हेच अवघड होतं. मारेन चांगली होती. ती दिलफुझाच्या खोलीत येऊन पलंगावर आडवी पडायची आणि म्हणायची, "तू नसतीस तर मी वेडी झाले असते. तुझ्या तोंडानेच बोलते मी इथे." मग दिलफुझा तिच्या तोंडाने बोलायची. हेच तर तिचं कामही होतं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ती दुभाषी होती, कारखान्यांतून आणि भाजीच्या प्लास्टिकघरांतून येणाऱ्या उझबेक आणि रशियन मजुरांसाठी. डॉक्टर म्हणाले 'पाय काढावा लागेल', तर तिने 'पाय काढावा लागेल' एवढंच सांगायचं. मऊ करून नाही, लांबवून नाही. एकदा एक बाप तिच्या अंगावर धावून आला होता, जणू तीच पाय कापणार होती, तरी तिने शब्द बदलला नव्हता. तिच्याकडे स्वतःचं असं काही उरलं असेल तर ते हे होतं.

रविवारी सगळे गुर्येला गेले. सासूबाईंचं ते माहेर. जिरी डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात या दिवसांत सान्सुयूची झाडं फुलांनी पिवळी होतात, पानांचा पत्ता नसताना नुसती पिवळी, धुरासारखी. दरवर्षी जायचं ठरलेलं. सकाळी दिलफुझाने गिंबाप केले. समुद्रशेवाळाच्या पापडावर भात पसरायचा, पालक, गाजर, अंड्याची पट्टी, डुकराच्या मांसाची पट्टी, आंबट मुळा ठेवायचा, गुंडाळून घट्ट दाबायचं, सुरीला तेल लावून चकत्या पाडायच्या. मारेनलाही करून बघायचं होतं. तिची गुंडाळी मध्येच फुटली आणि भात बाहेर आला, सासूबाईंनी तो फुटका तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "फुटलेलाच गोड लागतो." दिलफुझाच्या चकत्या रांगेत बसल्या होत्या, एकसारख्या, दुकानातल्यासारख्या. त्यांच्यावरून सासूबाईंची नजर फिरली. "तीळ कमी पडलेत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नेहमीप्रमाणे तिचा वेगळा डबा बांधला, डुकराचं मांस न घातलेल्या चकत्यांचा, निळ्या फडक्यात. हा डबा अकरा वर्षं वेगळा बांधला जात होता. तिची काळजी म्हणून की ती वेगळी म्हणून, हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि उत्तर काहीही आलं तरी ते आपल्याला झेपणार नाही असं तिला वाटायचं.

गावात गर्दी होती, पण सासूबाईंना ओढ्याच्या वरच्या अंगाचा एक बांध माहीत होता, तिथे कुणी येत नसे. पोचल्यावर सुंगमो आणि तेहो नारेला घेऊन मेपलच्या झाडांचं पाणी आणायला गेले. या दिवसांत डोंगरात खोडाला भोक पाडून ते काढतात, जरा गोडसर, हाडांना चांगलं म्हणतात. तिघी बायका बांधावर बसल्या. वाळलेल्या गवतातून सुकची कोवळी पानं वर आली होती, खालून पांढरी, लवदार, आणि खुडली की दवण्यासारखा कडवट वास बोटांना लागायचा. सासूबाईंनी मारेनला लहान सुरी दिली आणि पान कुठे कापायचं ते दाखवलं. मारेन गुडघे टेकून मातीत बसली, तिच्या फिकट केसांवर पिवळे तुरे गळून पडत होते, आणि सासूबाई मध्येच हात लांबवून ते वेचून काढत होत्या, तिला न सांगता, माकडीण पिलाचं डोकं बघते तसं. "बाळ," त्या म्हणत होत्या, "बाळ, ते नाही, ते विषारी, हे बघ, हे." बाळ. नव्या सुनेला म्हणायचा हा शब्द. दिलफुझाला तो कुणी म्हटलं नव्हतं. आधी तिला नावाने हाक मारायचे, तेही अर्धं, आणि नारे झाल्यावर ती 'नारेची आई' झाली. ती थोडं खाली बसली होती, ऊन तिच्या मानेवर होतं, तिची टोपली या दोघींच्या मिळून असलेल्या टोपलीच्या दुप्पट भरली होती आणि टोपली भरली आहे याचाच तिला राग येत होता.

"नारेची आई," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "हिला विचार. सरळ विचार, आडवळणाने नको. लग्न झाल्यावर इथे राहणार, का माझ्या पोराला घेऊन जाणार?"

दिलफुझाने इंग्रजीत विचारलं. शब्द न् शब्द, सरळ. मारेनने सुरी मातीत रोवली. तिच्या गालावर मातीचा डाग होता.

"अजून काहीच ठरलेलं नाही," ती म्हणाली. "मला तिकडे एक नोकरी आली आहे, हे खरं. पण तेहोचं मन होत नाही, आणि माझंही नक्की नाही. आईंना सांग, त्यांना टाकून जायचं माझ्या मनातसुद्धा नाही. आणि गेलोच, तर त्यांनी आमच्याकडे येऊन राहायचं. कितीही महिने. समुद्राकडची खोली त्यांची." ती थांबली. "हे नीट सांग हं, दिलफुझा. आल्यापासून मला त्यांना हे सांगायचं होतं."

सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. भाषा न कळणारी माणसं बघतात तशा, ओठांकडे. समुद्राकडची खोली. दिलफुझाला स्वतःच्या आईची आठवण झाली, जिला इथे एकदाही आणता आलं नव्हतं, कारण घर लहान होतं, कारण सासऱ्यांचं आजारपण होतं, कारण कुणी 'आणा' म्हणालं नव्हतं. तिने तोंड उघडलं तेव्हा ती काय बोलणार आहे ते तिला ठाऊक नव्हतं. निदान पुढे कितीतरी वेळ ती स्वतःला असंच सांगत राहिली.

"जाणार म्हणते," ती म्हणाली. "नोकरी लागली आहे तिला तिकडे."

सगळे प्रत्यय जिथल्या तिथे होते. आदर कुठेही कमी पडला नव्हता.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी दोनतीन पानं खुडली, देठाची माती झटकली. मग म्हणाल्या, "सांग तिला, भाजी छान खुडते."

हे दिलफुझाने तंतोतंत सांगितलं. मारेनचं तोंड क्षणभर उजळलं आणि मग ती गोंधळली. "एवढंच? मी बोलले त्यावर काहीच नाही म्हणाल्या?"

"एवढंच."

मारेनने मान खाली घातली आणि ती पुन्हा खुडू लागली, पण आता हात मंदावला होता. दिलफुझाने पाहिलं, दोघीही दुखावल्या आहेत, दोघीही एकमेकींना ते दिसू नये म्हणून भाजीत डोकं घालून बसल्या आहेत, आणि मध्ये आपण आहोत. तिला वाटलं होतं, आतून काहीतरी सैल होईल. दातात अडकलेला कण निघाल्यावर वाटतं तसं. तसं झालं नाही. फक्त तिला फार स्वच्छ दिसू लागलं, गवताचं पातं न् पातं, सासूबाईंच्या मानेवरची सुरकुती, तिच्यातला घाम. आपण आत्ता बोललो तर अजून सगळं जागेवर येईल, असं तिच्या मनात आलं. ती बोलली नाही.

माणसं परत आली तेव्हा चटई पसरून झाली होती. नारे ओरडत आली, "आजी, झाडाला नळी लावलेली, सलाईनसारखी!" सुंगमोने पाण्याची कॅन ठेवली. डबे उघडले, दिलफुझापुढे निळं फडकं आलं. सासूबाईंनी काही खाल्लं नाही. त्या तेहोकडे बघत होत्या, तो दोन दोन चकत्या तोंडात कोंबत होता.

"तिकडे थंडी फार असेल," त्या म्हणाल्या. "तुझा घसा आधीच नाजूक."

"कुठे तिकडे?"

"जिथे जाणार आहेस तिथे."

तेहोचं चावणं थांबलं. "कोण म्हणालं? आई, अजून काहीच ठरलं नाहीये." तो मारेनकडे वळला, इंग्रजीत काहीतरी भरभर बोलला. मारेनने डोळे मोठे केले. "मी? मी उलट म्हटलं, ठरलेलं नाही! मी म्हटलं आईंनी आमच्याकडे राहायला यावं!" तेहोने ते आईला सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचा आवाज हळू झाला, कारण वाक्य पुरं व्हायच्या आत त्यालाच ते कळलं होतं. तो दिलफुझाकडे बघू लागला. सुंगमोही बघू लागला. "नारेची आई?" सुंगमो म्हणाला. माणसांसमोर तो तिला असंच म्हणायचा. तिच्या हातात चकती होती. तिला ती ठेवताही येईना, खाताही येईना.

"तिच्याकडे काय बघताय दोघं?" सासूबाई कडाडल्या. "तिने बरोबरच सांगितलं. माझाच कान गेलाय. 'ठरलं नाही' म्हणाली, मी 'ठरलं' ऐकलं. वय झालं की ऐकू तेच येतं ज्याची भीती असते. खा आता मुकाट्याने, भात वाळतोय."

सगळे खाऊ लागले. सासूबाईंनी एकदाही दिलफुझाकडे पाहिलं नाही. जेवण उरकल्यावर त्यांनी रिकामे डबे तिच्या पुढ्यात सरकवले. "चल. ओढ्यावर धुऊन आणू."

ओढ्याचं पाणी बर्फाचं होतं. सासूबाई दगडावर उकिडव्या बसल्या, दिलफुझा शेजारी. दोघी डबे घासू लागल्या.

"दवाखान्यातही असंच करतेस?"

"नाही," दिलफुझा म्हणाली. "कधीच नाही."

"मग मलाच का?"

तिला माफी मागायची होती. माफीची वाक्यं तिला पाठ होती, तीन वेगवेगळ्या उंचीची, कुणापुढे कुठली वापरायची तेही माहीत होतं. पण तोंडून भलतंच आलं. "आई, तुम्ही मला कधी 'खा' म्हणाला नाहीत. 'शीक' म्हणालात. मी आल्या दिवसापासून 'शीक'. तिला म्हणता 'खा'. तिने तुम्हाला 'तू' म्हटलं तर हसलात. मी म्हटलं तेव्हा उठून आत गेलात." आवाज चढत होता आणि तिला तो खाली आणता येत नव्हता. "आत जाऊन काय केलंत तुम्ही त्या दिवशी? काही उतू जात नव्हतं. मी बघितलं होतं. शेगडी बंद होती."

सासूबाईंनी हातातला डबा पाण्यात सोडला, मग पकडला. "रडले," त्या म्हणाल्या. "लोक तुला हसतील म्हणून. की मला हसतील म्हणून, ते आता आठवत नाही." त्यांनी डबा पालथा घातला. "तू आलीस तेव्हा मला वाटलं, ही वर्षभरात पळून जाईल. आमच्या गल्लीतल्या दोघी गेल्या होत्या अशाच, बाहेरून आलेल्या. एकीचं तर मूल मागे राहिलं. म्हटलं जीव लावायचा नाही. काम शिकवावं, राहिली तर उपयोगी पडेल. मग तू राहिलीस. आणि मला कळलं की राहिलीस, तोवर किती वर्षं झाली होती. मध्येच कुठून सुरुवात करायची? एके दिवशी उठून माणूस एकदम लाडाने बोलायला लागला तर किती विचित्र दिसतं. लाज वाटली मला. मग तसंच राहिलं."

"आणि ती?"

"ती आली तेव्हा वाटलं, या खेपेला तरी पहिल्यापासून नीट करावं."

दिलफुझा पाण्याकडे बघत राहिली. तिला कळत होतं की हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच जास्त लागतंय. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यावर शिकलात, आणि वाढलंत तिला."

सासूबाईंनी जरा विचार केला. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच झालं." आणि गुडघ्यावर हात रेटून, कण्हत, त्या उठल्या. माफी त्यांनीही मागितली नाही. चार पावलं गेल्यावर त्या न वळता म्हणाल्या, "तिला तू जाऊन सांग. ते मी नाही सांगणार."

मारेन गाडीपाशी उभी होती, बुटाच्या तळव्याची माती काडीने काढत. दिलफुझा जवळ गेली तसं तिने वर न बघताच म्हटलं, "त्या म्हणाल्या कान गेलाय, तेहोने सांगितलं. माझे शाबूत आहेत. 'जाणार' हा शब्द मला येतो. जाऊ या, जाणार, गेले, हेच तर पहिलं शिकवतात."

"मी मुद्दाम केलं."

"माहीत आहे. का, ते सांग."

"मला तुझा हेवा वाटला."

मारेनने काडी टाकली. "माझा? मला इथे साधं डोकं दुखतंय हे सांगायला तोंड नाही. मी हसते, त्या मला भरवतात, गालाला हात लावतात, मी पुन्हा हसते. त्यांच्या मनात काय आहे ते मला कधीच कळत नाही. तुझ्याशी त्या भांडतात, दिलफुझा! मी काचेआड बसून बघते." तिचे डोळे भरले, पण आवाज कठीण होता. "मी तुला पूर्ण माझं तोंड देऊन टाकलं होतं. आता तू मला 'चहा झालाय' म्हणालीस तरी मला वाटणार, झालाय का खरंच?"

दिलफुझाने मारेनने टाकलेली काडी उचलली. आणि एवढं ऐकूनही, शरमेने मान खाली गेलेली असतानाही, मनाच्या एका कोपऱ्यात तिला ऐकू आलं, 'गालाला हात लावतात', आणि तिथे पुन्हा टोचलं.

परतताना नारे हट्टाने काकाच्या गाडीत बसली. मारेनही तिकडे निघाली होती, पण सासूबाईंनी तिची बाही ओढली आणि तिला आपल्या शेजारी, सुंगमोच्या गाडीत बसवलं. मागच्या बाकावर मध्ये सासूबाई, दोन्ही खिडक्यांशी दोघी. सुंगमो घरी गेल्यावर विचारणार, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. सोमजिन नदी बराच वेळ बाजूने येत राहिली, ऊन कलतं झालं, टोपलीतल्या सुकचा वास गाडीभर झाला. मग मारेनने सासूबाईंकडे तोंड केलं आणि एकेक शब्द दगडासारखा ठेवत म्हणाली, "आई. आमचं घर. तू. ये?"

दिलफुझा खिडकीकडून वळली. आता हसतील. पण सासूबाई हसल्या नाहीत. "'ये' नाही," त्या म्हणाल्या. "मोठ्या माणसाला 'ये' म्हणत नाहीत. 'याल का'. म्हण."

"या... ला?"

"याल का. जीभ वर. पुन्हा."

दिलफुझाला वाटलं, कुणीतरी आपल्या खोलीत शिरून कपाट उघडतंय. जीभ वर. पुन्हा. हा आवाज तिचा होता. कोरडा, चिडका, अकरा वर्षं फक्त तिच्यासाठी ठेवलेला. लाड तिचे नव्हते, पण हे तिचं होतं, आणि आपल्याला ते कधी हवंसं झालं ते तिला कळलंच नव्हतं. मारेन चुकत राहिली. शेवटी सासूबाई वैतागून म्हणाल्या, "नारेची आई, तू शिकव गं हिला. माझे उच्चार पडले गावंढळ, उद्या लोक हिलाच नावं ठेवतील." दिलफुझाने वाक्य म्हटलं, सावकाश, ओठ दिसतील असं. मारेनने तिच्याकडे बघायचं टाळलं. मग दुसरा उपाय नसल्यामुळे बघितलं, तिच्या ओठांकडे फक्त, आणि म्हणाली, "आई, आमच्या घरी याल का?"

सासूबाईंनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं, आरशात बघणाऱ्या सुंगमोला हाताने 'पुढे बघ' अशी खूण केली. "येईन," त्या म्हणाल्या. "पण हिला घेऊन येईन. ही नसेल तर मी तिथे कुणाच्या तोंडाने बोलू?"

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, विषय संपल्यासारखे. नदी आता मागे पडली होती.

"काय म्हणाल्या?" मारेनने विचारलं.

दिलफुझाने सांगितलं. काही वगळलं नाही, काही मऊ केलं नाही, दवाखान्यात सांगते तसं, शब्दाला शब्द लावून. येईन. पण हिला घेऊन येईन. ही नसेल तर मी तिथे कुणाच्या तोंडाने बोलू. बोलताना 'हिला' या शब्दाशी तिचा आवाज कापला, आणि तो कापला म्हणून ते आणखीच बनवल्यासारखं वाटलं.

मारेन तिच्याकडे बघत होती. या खेपेला डोळ्यांकडे.

"खरंच असं म्हणाल्या?"

"खरंच."

मारेनने मधल्या म्हातारीकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, तोंड जरासं उघडं. पुढे सुंगमोला इंग्रजी येत नव्हतं. तेहोची गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती. मारेनने खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि तिचा विश्वास बसला की नाही हे दिलफुझाला सुनछन येईपर्यंत कळलं नाही.